एकच तक्रार, दोन कारणं: टेस्टिंगचा फोन आपोआप रीस्टार्ट होण्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

अ‍ॅप सर्वेक्षणाचं होतं. काम करणारा माणूस फोन घेऊन ठरलेल्या मार्गाने फिरतो, जागोजागी फ्लॅश लावून फोटो काढतो आणि अ‍ॅप मागे चालू राहून दर पाच सेकंदांनी जागेची नोंद घेत राहतं. फोटो काढला की त्यातल्या वस्तूच्या कडा ओळखून चौकट आखायची प्रक्रिया फोनमध्येच होते. टीम तिघांची. कॅमेरा आणि फोटोवरची प्रक्रिया एका सहकारी मैत्रिणीकडे, मागे चालणारी नोंदींची सर्व्हिस दुसऱ्या सहकाऱ्याकडे आणि टेस्टिंग व रिलीज माझ्याकडे.

टेस्टिंगसाठी मुख्यतः दोन फोन होते. एक नवा, अँड्रॉइड 12 चा. दुसरा बरीच वर्षं वापरलेला, अँड्रॉइड 7 चा. अ‍ॅप अँड्रॉइड 7 पासून पुढे चाललं पाहिजे अशी अट होती, म्हणून तो जुना फोन आम्ही जपून ठेवला होता. नोंदी भराभर साचाव्यात म्हणून जुन्या फोनवर जी टेस्ट बिल्ड (तपासणीसाठी तयार केलेली अ‍ॅपची प्रत) असायची तिच्यात पाचऐवजी दर सेकंदाला नोंद होत असे. त्या वेळी आम्हाला ही निव्वळ सोय वाटत होती.

अडचण

रिलीजच्या तयारीत असताना जुना फोन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. पहिल्यांदा फोटो काढताना झाला. दोन दिवसांनी सकाळी आलो तर रात्रभर टेबलावर चार्जरला लावून ठेवलेला फोन लॉक स्क्रीनवर होता, अ‍ॅप बंद होतं आणि नोंदी पहाटेच्या सुमारास थांबलेल्या होत्या. मग पुन्हा एकदा फोटो काढताना. दोन आठवड्यांत असं पाच वेळा झालं. ठरवून करायला गेलं की होत नसे, आणि दुसरं काही तपासत असलो की नेमकं होई.

आपल्या अ‍ॅपमुळे फोनच रीस्टार्ट होतोय म्हटल्यावर पोटात गोळा येतो. अ‍ॅप क्रॅश झालं तर वापरणारा ते पुन्हा उघडतो. फोन रीस्टार्ट झाला तर चालू असलेला कॉल तुटतो, दुसऱ्या अ‍ॅपमधलं अर्धवट काम जातं आणि त्या माणसाचा आपल्यावरचा भरवसा उडतो. त्यामुळे रिलीज थांबवायचं यावर तिघांचं लगेच एकमत झालं. पुढे काय करायचं यावर मात्र झालं नाही.

पहिले चार दिवस आणि एक मोठी चूक

सर्वांत आधी संशय गेला नव्या कॅमेरा लायब्ररीवर, म्हणजे कॅमेरा हाताळणाऱ्या तयार कोडवर. ती बदलली आणि साधारण त्याच आठवड्यात हे सुरू झालं, त्यामुळे संशय स्वाभाविक होता. मैत्रिणीने जुन्या लायब्ररीवर परत जाऊन बघितलं. फोन दोन दिवस नीट चालला आणि तिसऱ्या रात्री पुन्हा रीस्टार्ट झाला. मग गिट बायसेक्ट करून, म्हणजे कोडच्या आवृत्त्या निम्म्या-निम्म्या करत तपासून, दोषी बदल शोधायचा प्रयत्न केला. तो वाया जाणारच होता, कारण बायसेक्टला प्रत्येक बिल्डवर ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ असा खात्रीचा शिक्का मारावा लागतो. तासभर फोन टिकला म्हणून आम्ही बिल्डला चांगली म्हणत होतो, आणि तासभर टिकणं हा कसलाच पुरावा नव्हता.

मोठी चूक माझी. सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी कचरा साचला असेल अशा समजुतीने मी जुना फोन फॅक्टरी रीसेट केला. त्यासोबत तोवरच्या रीस्टार्टांच्या फोनमध्ये राहिलेल्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. अँड्रॉइड अशा घटनांची टिपणं स्वतःच एका साठ्यात ठेवतं, त्याला ड्रॉपबॉक्स म्हणतात. त्याच नावाच्या फाइल साठवणाऱ्या सेवेशी त्याचा काही संबंध नाही. ही टिपणं साधारण तीन दिवस टिकतात. म्हणजे हातात असलेला पुरावा मी स्वतः नष्ट केला आणि पुढच्या घटनेची वाट बघत बसलो. ही वाट पाच दिवस चालली.

प्रश्न नव्याने मांडला तो क्षण

त्या पाच दिवसांत एक चांगलं झालं. आमच्या ओळखीतल्या एका अनुभवी व्यक्तीने, जिने फोनच्या आतल्या सिस्टिमवर काम केलं आहे, एक साधा प्रश्न विचारला: ‘रीस्टार्ट झालं म्हणजे नेमकं काय रीस्टार्ट झालं?’ आम्हा तिघांकडे उत्तर नव्हतं.

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅप वेगळ्या लिनक्स यूजरखाली, स्वतःच्या कुंपणात चालतं. फोन रीबूट करायची परवानगी साध्या अ‍ॅपला मिळतच नाही. साधं अ‍ॅप कोसळलं तर फक्त तेच कोसळतं. पूर्ण फोन खाली जायचा तर अ‍ॅपच्या खालचा एखादा थर पडावा लागतो, आणि असे थर बरेच आहेत. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, पॅनिक होऊन कोसळू शकतं. ग्राफिक्स किंवा कॅमेऱ्याचा ड्रायव्हर अडकू शकतो. फोन तापून स्वतःला बंद करू शकतो. बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर इतका खाली जाऊ शकतो की वीज नियंत्रित करणारी चिप सगळंच तोडते. किंवा कर्नल जिवंत राहतं आणि त्याच्यावर चालणारी सिस्टिम सर्व्हर ही मुख्य प्रक्रिया मरते. ती मेली की झायगोट आणि त्यातून जन्मलेली सगळी अ‍ॅप्स पुन्हा सुरू होतात, बूटचं अ‍ॅनिमेशन दिसतं आणि बघणाऱ्याला वाटतं फोन रीस्टार्ट झाला. प्रत्यक्षात तो अर्धाच झालेला असतो.

हा फरक ओळखायला अपटाइम, म्हणजे फोन सुरू झाल्यापासून गेलेला वेळ, पुरतो. फोन पूर्ण रीस्टार्ट झाला तर अपटाइम शून्यापासून मोजायला लागतो. फक्त सिस्टिम सर्व्हर पडला असेल तर तो मागचाच पुढे चालू राहतो. ड्रॉपबॉक्समध्येही दोन वेगळे शिक्के पडतात: पूर्ण बूटला ‘सिस्टिम बूट’, अर्ध्या रीस्टार्टला ‘सिस्टिम रीस्टार्ट’. अँड्रॉइड 9 पासून बूटचं कारणही ठराविक साच्यात नोंदवलं जातं, पण आमच्या जुन्या फोनवर ती सोय नव्हती.

समोर असलेले पर्याय

या टप्प्यावर आमच्यापुढे तीन वाटा होत्या. जुना फोन टाकून देऊन दुसरा आणायचा, अ‍ॅपची किमान अट अँड्रॉइड 9 वर नेऊन जुन्या फोनांचा प्रश्नच मिटवायचा, किंवा अजून एक आठवडा घालून मुळापर्यंत जायचं.

नोंदींची सर्व्हिस लिहिणारा सहकारी दुसऱ्या वाटेच्या बाजूने होता आणि त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. नव्या फोनवर एकदाही रीस्टार्ट झालं नव्हतं. मात्र नव्या फोनवर दुसरी एक तक्रार होती: रात्रभर ठेवलं की अ‍ॅप आठेक तासांनी गुपचूप बंद पडे. ती आम्ही ‘बॅटरी वाचवणारी यंत्रणा मागची अ‍ॅप्स मारते’ या खात्यात टाकून सोडून दिली होती. फोन चार्जरला लावलेला असायचा, सर्व्हिस सूचनेसह उघडपणे चालू असायची, तरी मारलं का, हे कुणी विचारलं नाही.

आम्ही तिसरी वाट घेतली. कारण सरळ होतं. सर्वेक्षणाला निघणाऱ्या माणसांच्या हातात असेच जुने, बॅटरी थकलेले फोन असण्याची शक्यता जास्त.

पुरावा गोळा करताना

नियम ठरवले. रीस्टार्ट झालं की फोनला दुसरं काहीही करायचं नाही. आधी केबल लावायची, अपटाइम, ड्रॉपबॉक्सची यादी, लॉगकॅट (फोनमध्ये सतत लिहिला जाणारा घडामोडींचा लॉग) आणि आधीच्या बूटचा शिल्लक राहिलेला लॉग उतरवून घ्यायचा, मग पूर्ण बगरिपोर्ट, म्हणजे फोनच्या स्थितीचा एकत्र अहवाल. लॉगकॅटचा बफर मूळ आकारात फार लवकर भरून जुनं पुसतो, म्हणून तो 16 एमबी केला. शेजारी एक वही ठेवली: वेळ, चार्ज किती टक्के, केबल कशाला जोडलेली, काय चालू होतं, आणि पुन्हा सुरू होताना कंपनीचा पहिला स्थिर लोगो दिसला का (तो फक्त पूर्ण रीस्टार्टमध्ये दिसतो). शेवटचा रकाना डोळ्यांनी भरायचा असल्याने कुणी समोर असेल तरच भरला जाई, पण त्याचा फार उपयोग झाला.

सहाव्या दिवशी दोन घटना हाती आल्या, एक पहाटेची आणि एक दुपारची. ड्रॉपबॉक्सची यादी उघडली तर एका घटनेपुढे ‘सिस्टिम रीस्टार्ट’ आणि दुसरीपुढे ‘सिस्टिम बूट’.

तीन आठवडे आम्ही एकच आजार समजून दोन आजारांशी झगडत होतो. प्रत्येक तर्क निम्म्या घटनांना लागू पडत होता आणि निम्म्यांना नाही, त्याचं कारण इतकंच होतं. वही मधोमध दुभागली आणि दोन्हींचा तपास वेगळा सुरू केला.

पहिला आजार: रात्रीचा अर्धा रीस्टार्ट

इथे कर्नल जिवंत राहिल्यामुळे लॉगकॅट पूर्ण शाबूत होतं. सिस्टिम सर्व्हर मरण्याआधीची शेवटची ओळ सांगत होती की ग्लोबल रेफरन्सचा, म्हणजे वापरात आहेत म्हणून धरून ठेवलेल्या वस्तूंचा, तक्ता ओसंडला, कमाल मर्यादा 51200. खाली त्या तक्त्यात काय भरलं होतं याचा गोषवारा होता. बहुतांश जागा कंटेंट सर्व्हिसच्या निरीक्षकांच्या नोंदींनी व्यापली होती. ही सर्व्हिस सेटिंगसारख्या माहितीत बदल झाला की कळवते, आणि तो निरोप ऐकायला अ‍ॅपने नोंदवलेला कोड म्हणजे निरीक्षक.

आमच्या अ‍ॅपमध्ये असा एक निरीक्षक होता. नोंदींची वेळ विश्वासार्ह असावी म्हणून फोनची ‘आपोआप तारीख-वेळ’ ही सेटिंग कुणी बंद केली तर कळावं, यासाठी तो नोंदवलेला होता. सर्व्हिस सुरू होताना एकदा नोंदवायचा, असा मूळ हेतू. कोडची मांडणी बदलताना ती ओळ नोंद घेणाऱ्या फंक्शनमध्ये जाऊन बसली. झालं असं की दर नोंदीला एक नवा निरीक्षक नोंदवला जात होता आणि जुना कधीच काढला जात नव्हता.

असा निरीक्षक सिस्टिम सर्व्हरकडे नोंदवला की अ‍ॅप मेलं तर कळावं म्हणून सिस्टिम सर्व्हर त्याच्या मागे एक ग्लोबल रेफरन्स धरून ठेवतो. अ‍ॅपच्या बाजूलाही एक धरला जातो, म्हणून कचरा गोळा करणारी यंत्रणा त्याला हात लावू शकत नाही. दर सेकंदाला एक, म्हणजे 51200 सेकंदांत, सव्वाचौदा तासांत, तक्ता भरतो. अ‍ॅपचा तक्ताही त्याच मर्यादेचा असतो. मग आधी अ‍ॅप का मरत नव्हतं? कारण सिस्टिम सर्व्हर सगळ्या अ‍ॅप्सना सेवा देतो आणि त्याच्या तक्त्यात आधीच हजारो नोंदी असतात. त्यामुळे शर्यतीत तोच पहिला काठावर पोचतो. आमच्या फोनवर ते साधारण बारा-तेरा तासांत होत होतं. संध्याकाळी लावलेला फोन सकाळी लॉक स्क्रीनवर का दिसायचा, ते आता कळलं.

आणि नवा फोन? अँड्रॉइड 9 पासून सिस्टिम सर्व्हर स्वतःचं रक्षण करतो. एखाद्या अ‍ॅपने त्याच्याकडे सुमारे 6000 बाइंडर वस्तू (अ‍ॅप आणि सिस्टिम यांच्यातल्या संवादाचे दुवे, प्रत्येक निरीक्षकामागे एक) साचवल्या की तो त्या अ‍ॅपलाच मारतो. दर पाच सेकंदांना एक या हिशेबाने 6000 म्हणजे आठ तास वीस मिनिटं. अ‍ॅप आठेक तासांनी गुपचूप बंद पडत होतं, ते यामुळेच. अँड्रॉइड 11 पासून अ‍ॅप का संपलं याची कारणं फोनमध्ये नोंदवलेली असतात. ती काढून बघितली तर सिस्टिमकडे प्रमाणाबाहेर बाइंडर पाठवल्याचं स्पष्ट लिहिलेलं होतं. आम्ही महिनाभर न वाचलेलं उत्तर तिथे पडून होतं.

खातरजमा करायला डमसिस या सिस्टिमची स्थिती दाखवणाऱ्या कमांडमधून कंटेंट सर्व्हिसची माहिती काढली. प्रत्येक प्रक्रियेचे किती निरीक्षक आहेत हे तिथे दिसतं. दहा मिनिटांत आमचा आकडा सहाशेच्या घरात गेला. तासभर चाललेल्या फोनवर तारखेची सेटिंग बदलून बघितली तर अ‍ॅप काही सेकंद गोठलं, कारण साडेतीन हजार निरीक्षकांना एकाच वेळी हाक गेली होती.

दुसरा आजार: फोटो काढताना पूर्ण रीस्टार्ट

हे जास्त अवघड गेलं, कारण इथे मागे काहीच उरत नव्हतं. कर्नल पॅनिक झालं असतं तर शेवटचा मजकूर राखीव मेमरीत राहून पुढच्या बूटला वाचता आला असता. ती मेमरी गरम, म्हणजे वीज न तुटता झालेल्या, रीस्टार्टमध्ये टिकते, वीजच गेली तर टिकत नाही. आम्हाला दर वेळी रिकामं पान मिळत होतं. एकदा रिकामं आलं तर त्यातून काही सिद्ध होत नाही. प्रत्येक वेळी येतं तेव्हा वीज तुटण्याकडे बोट दाखवता येतं.

वहीतले रकाने तेच सांगत होते. चार्ज तिसाच्या खाली, फ्लॅश चालू, प्रीव्ह्यू चालू आणि मागच्या फोटोवरची प्रक्रिया अजून संपलेली नाही. शिवाय फोन कंप्युटरला जोडलेला. हे शेवटचं आम्हाला आधी उलट वाटायचं: फोन चार्ज होतोय, मग बॅटरीचा प्रश्न कुठे येतो? पण यूएसबी 2.0 चा साधा पोर्ट 500 मिलीअँपिअर देतो, म्हणजे अडीच वॉट. कॅमेरा, ग्राफिक्स, पडदा आणि प्रोसेसर मिळून त्याच्यापेक्षा बरंच जास्त ओढतात. चार्जिंगचं चिन्ह दिसत असताना बॅटरी उतरत असते.

जुन्या लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. चार्ज कमी असताना एकदम मोठा करंट मागितला की व्होल्टेज खचतो. टक्केवारी 25 दाखवते म्हणून बॅटरी तेवढा झटका सोसेल असं नाही. हा काही एका फोनचा रोग नाही. 2017 मध्ये आयओएस 10.2.1 आलं तेव्हा थकलेल्या बॅटरीच्या आयफोनांमध्ये प्रोसेसरचा कमाल वेग आवरून असेच अचानक बंद पडणं टाळायची व्यवस्था केली गेली होती.

तपासायला दोन प्रयोग केले. पहिला: फोनची व्होल्टेजची सिस्टिम फाइल दर सेकंदाला वाचून आकडे कंप्युटरवर उतरवले. अ‍ॅप बंद असताना 3.7 च्या जवळ असलेला व्होल्टेज प्रीव्ह्यू आणि प्रक्रिया सुरू होताच 3.4 पर्यंत घसरे. नव्या फोनवर त्याच टक्केवारीला घसरण याच्या निम्मीही नव्हती. फ्लॅशचा क्षण सेकंदाच्या मोजणीत सापडत नाही, पण कल स्पष्ट होता. दुसरा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो: आमचं अ‍ॅप काढून टाकलं, चार्ज पंचविसाच्या खाली आणला आणि फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्याने फ्लॅश लावून भराभर फोटो काढले. दहा फोटो व्हायच्या आत पडदा काळा झाला. पाच मिनिटांचा प्रयोग होता. पहिल्याच दिवशी केला असता तर कॅमेरा लायब्ररीवर घालवलेले चार दिवस वाचले असते आणि मैत्रिणीवर विनाकारण आलेला ताणही.

काय केलं

निरीक्षकाची दुरुस्ती लहान होती: सर्व्हिस सुरू होताना एकदा नोंदवायचा, संपताना काढायचा. सोबत एक स्वयंचलित टेस्ट जोडली. हजार नोंदी झाल्यावर अ‍ॅपच्या निरीक्षकांची संख्या मोजते आणि ती वाढली असेल तर बिल्ड नापास करते.

बॅटरीच्या बाबतीत मात्र खरा वाद झाला. फोन थकलेला आहे, त्यात अ‍ॅपचा काय दोष, असं एक मत. माझं मत वेगळं होतं. फोनची बॅटरी आपण बदलू शकत नाही, पण एकाच क्षणी किती वीज मागायची हे आपल्या हातात आहे, आणि वीज गेली तर काय काय जातं हेही. शेवटी तीन बदल ठरले. आधीच्या फोटोवरची प्रक्रिया चालू असेल तर फ्लॅशच्या वेळी ती थांबते आणि फोटो झाल्यावर पुढे सुरू होते. चार्ज कमी असेल तर प्रीव्ह्यूचा फ्रेम रेट उतरतो. आणि नोंदी, ज्या आधी मेमरीत साठवून मिनिटाला एकदा डेटाबेसमध्ये जात, त्या आता लगेच लिहिल्या जातात. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या वॉल पद्धतीत (बदल आधी वेगळ्या लॉगमध्ये लिहिण्याची पद्धत) सिंक्रोनस सेटिंग ‘नॉर्मल’ असेल तर वीज गेल्यावर डेटाबेस बिघडत नाही, पण शेवटचे काही व्यवहार हरवू शकतात. नोंदींच्या डेटाबेससाठी आम्ही ती ‘फुल’ केली. लिहिणं थोडं संथ झालं, पण पाच सेकंदांना एक नोंद असताना ते जाणवत नाही.

परिणाम

दुरुस्त बिल्ड जुन्या फोनवर सलग तीन दिवस-रात्री, दर सेकंदाला नोंद घेत चालवली. अर्धा रीस्टार्ट पुन्हा झाला नाही. नव्या फोनवरचं गुपचूप बंद पडणंही त्याच दिवशी थांबलं. जुन्या फोनवर कमी चार्जला फोटो काढताना पूर्ण रीस्टार्ट अजून होतो, पण पूर्वीपेक्षा खूप क्वचित, आणि झाला तरी फार तर हातातली एक नोंद जाते. त्याच मॉडेलच्या, नवी बॅटरी घातलेल्या दुसऱ्या फोनवर तेच सगळं करून बघितलं, तिथे एकदाही झाला नाही.

पुन्हा वेळ आली तर

पुन्हा असं झालं तर कोडला हात लावायच्या आधी अपटाइम बघेन. फॅक्टरी रीसेट सर्वांत शेवटी, आणि तोही बगरिपोर्ट उतरवून झाल्यावरच. आपलं अ‍ॅप काढून तोच ताण दुसऱ्या मार्गाने देऊन बघणं पहिल्याच दिवशी करेन. नव्या फोनवरच्या तक्रारीबद्दल मला अजूनही हळहळ वाटते. दोन फोनांवर दोन वेगळी लक्षणं दिसली म्हणून आम्ही दोन वेगळे कागद केले, आणि एकाच फोनवरची दोन वेगळी दुखणी एका कागदावर लिहिली. दोन्ही ठिकाणी लक्षणाच्या नावावरून विभागणी केली, ती कोणता थर पडला यावरून करायला हवी होती.

टेस्ट बिल्डमध्ये नोंदीचा वेग पाचपट ठेवणं हा निर्णय मी पुन्हाही घेईन, पण तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून. जुन्या फोनवर दर सेकंदाला आणि नव्यावर दर पाच सेकंदांना हा फरक तिघांच्या डोक्यात स्पष्ट असता, तर 51200 आणि 6000 हे आकडे त्या त्या तासांशी जुळताहेत हे आधीच कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

सुरुवातीच्या पाच घटनांपैकी एकीचा उलगडा झालेला नाही. ती दुपारी झाली, फोन टेबलावर होता, कॅमेरा बंद होता आणि अ‍ॅप जेमतेम दोन तास चाललं होतं. दोन्हींपैकी एकाही कारणात ती बसत नाही, आणि तिच्या नोंदी मी केलेल्या रीसेटमध्ये गेल्या. वहीत तिच्यापुढचा रकाना अजून मोकळा आहे.